झेंडूचा पहिला तोडा

आई जळोचीहून दुपारच्या एस.टी.ने आली. मावशीच्या मुलीच्या बाळंतपणासाठी ती दीड महिना तिकडे होती. लासुर्ण्याच्या फाट्यावर मी तिला घ्यायला गेले आणि पिशवी हातात घेऊन पुढे चालू लागले. मला तिला अंगण दाखवायची घाई झाली होती. ती नसताना मी ते सांभाळले होते. मोरीच्या कडेला तेरडा दाटला होता, कुंपणावर निळी गोकर्ण चढली होती, संध्याकाळी उमलणारी गुलबक्षी पायरीपर्यंत आली होती. आणि हापशापासून कुंपणापर्यंत तीन ओळींत झेंडूची साठ रोपे उभी होती, गुडघ्याएवढी, काळीशार.

आईने तेरड्याकडे पाहिलेच नाही. पदर सावरत ती झेंडूपाशी गेली आणि एका रोपाचा शेंडा दोन बोटांत धरून उभी राहिली.

"ही कवा लावलीस?"

"गेल्या साली ज्या तारखेला लावली, त्याच तारखेला. वहीत लिहून ठेवलं हुतं की."

"आन औंदा धोंड्याचा महिना हाय, त्ये वहीत न्हवतं?"

त्या वर्षी भाद्रपद दोनदा येणार होता. आधी अधिक भाद्रपद, ज्याला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात, आणि मग खरा. त्यामुळे दसरा गेल्या वर्षीपेक्षा अडीच आठवडे पुढे गेला होता. भिंतीवरच्या कॅलेंडरात हे सगळे छापलेले होते. मी मात्र पहिले फूल कधी आले, किती रोपे जगली, हे सगळे तारखांनी वहीत टिपत होते आणि त्या वहीवर माझा कॅलेंडरापेक्षा जास्त विश्वास होता.

फुले अडीच आठवडे आधी आली तर एवढे काय बिघडते, असे कुणालाही वाटेल. आमचे बिघडणार होते, आणि ते का, हे सांगायला हवे.

आमच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरे होती. पुढे कालव्याच्या पाण्यावर भावकीने शेती धरली, कुणी नोकरीला लागले. पण टेकाडावरचे बिरोबाचे ठाणे एकच राहिले. दसऱ्याला देवाला सात हातांची झेंडूची माळ चढायची, आणि ती माळ देण्याचा मान भावकीतल्या सात घरांत पाळीपाळीने फिरायचा. माळेला दोन अटी होत्या. फुले दारची पाहिजेत, विकतची नकोत. आणि त्या झाडांचा पहिला तोडा देवाचाच. म्हणजे त्या झाडांवरून आधी कुणी फूल तोडलेले, केसात माळलेले, दुसऱ्या कुठल्या पूजेला वाहिलेले चालत नसे. फूल उमलून झाडावरच वाळले तरी ते झाड उष्टे झाले, असे मानत.

माझे वडील वालचंदनगरला कंपनीत कामाला होते आणि आम्ही अठरा वर्षे तिथल्या क्वार्टरमध्ये काढली. त्या अठरा वर्षांत आमची पाळी दोनदा आली आणि दोनदा गाळली गेली. कारण असे की क्वार्टरचे दार कंपनीचे, आपले नव्हे. मग दारची फुले आणणार कुठून? आईने क्वार्टरसमोर झेंडू लावलेला असायचा. दोन्ही वेळा तो भरभरून फुललेला होता. दोन्ही वेळा माळ दुसऱ्या घरातून गेली आणि आई इतर बायकांच्या मागे उभी राहून पाया पडून आली. मी लहान असले तरी दुसऱ्या वेळची तिची पाठ मला आठवते.

मग वडिलांनी लासुर्ण्याच्या कडेला दोन खोल्या बांधल्या. तिथून ते सायकलने कंपनीच्या पाळीला जाऊ लागले. घर झाले, दार झाले, आणि पुढच्याच वर्षी मान आमच्याकडे येत होता. भावकीत सगळ्यांत वडीलधारे म्हणजे वडिलांचे चुलते. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. त्यांनी स्वतः घरी येऊन आईला सांगितले होते, "सूनबाई, औंदा माळ तुझी. दारची फुलं, पहिला तोडा. ध्येनात हाय न्हवं?"

आई नुसतीच "व्हय आबा" म्हणाली होती. ते गेल्यावर मात्र तिने हिशोब मांडला होता. सात घरे, म्हणजे पुन्हा पाळी सात वर्षांनी. "सात वर्सांनी कोण असंल, कोण नसंल," ती वडिलांना म्हणाली.

"मी हाय की," वडील म्हणाले. "तुझं माहीत न्हाय."

तेव्हा ती हसली होती. जळोचीहून आल्यावर त्या दुपारी मात्र ती हसली नाही. तिने मला बोलही लावला नाही, आणि तेच मला जड गेले. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. विषय वनस्पतिशास्त्र. भावकीत पहिली पदवी माझी होती. मुलगी रोज बारामतीला एस.टी.ने जाते यावर जे बोलणे झाले, ते सगळे आईने अंगावर घेतले होते. मी घरी येईपर्यंत ती पायरीवर बसून राहायची आणि मी दिसले की जणू कामालाच बाहेर आली होती असे दाखवून आत जायची. त्या पदवीचे पहिले काम म्हणून मी ही साठ रोपे लावली होती.

पंधरा दिवसांत कळ्या दिसू लागल्या. हरभऱ्याएवढ्या, हिरव्या. दसऱ्याला अजून जवळजवळ दीड महिना होता. मी रोज सकाळी मोजायचे. आधी तीन झाडांवर, मग अकरा, मग मोजणे सोडून दिले.

मी बारामतीला गेले, कॉलेजच्या ग्रंथालयात बसून फुलशेतीवरचे पुस्तक काढले. शेंडा खुडल्यास झेंडूला जास्त फांद्या फुटतात आणि फुले उशिरा येतात, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. मला हायसे वाटले. पण त्याच वाक्यात पुढे असेही होते, की हे लागणीनंतर महिन्याभरात, कळी धरण्याआधी करावे. ते दिवस उलटून गेले होते. मी ते वाक्य दोनदा वाचले. घरी येऊन आईला मी पहिला अर्धाच भाग सांगितला.

"सगळ्या कळ्या खुडायच्या?" आईने विचारले.

"शेंड्यासकट. मग नव्या फांद्या फुटत्यात, त्यांना नव्या कळ्या येत्यात. महिना तर सहज पुढं जातं."

"आगं, पण कळी मोडली म्हंजी फूल मोडलंच की. पहिला तोडा देवाचा आन आपणच आदी मोडायचा?"

याचे उत्तर पुस्तकात नव्हते. वडील पाळीवरून आले तेव्हा आईने त्यांनाही विचारले. ते सायकल भिंतीला लावत म्हणाले, "आबांना इचार."

"त्यांना इचारलं म्हंजी पाळी गेली. आत्ताच म्हनतील, जमत न्हाय तर दुसऱ्या घरी दिऊ."

सकाळी आई झाडांत उभी होती. मी गेले तेव्हा ती म्हणाली, "कळी म्हंजी अजून फूल न्हाय. पोटातलं लेकरू अजून बारशाला आल्यालं न्हाय, तसं." मग तिचे तिलाच ते बोलणे आवडले नसावे. तिने तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "खुड. पर मी न्हाय हात लावायची."

मी साठही झाडे खुडली. त्या हिरव्या कळ्यांनाही झेंडूचा वास होता, उग्र, बोटांना चिकटून राहणारा. दुपारपर्यंत पाटीभर शेंडे निघाले. आई घरातून बाहेर आली नाही. पाटीचे काय करायचे हे तिला विचारायचे माझ्या जिवावर आले, म्हणून मी ती घरामागच्या खड्ड्यात, शेणकचऱ्यावर रिकामी केली. वरून माती टाकायचे मला सुचले नाही.

चार दिवसांनी थोरली चुलती आली. ती वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तिचे घर टेकाडाखालच्या वस्तीवर होते, आणि आमची पाळी गाळली गेली त्यातल्या एका वर्षी माळ तिच्या घरातून गेली होती. ती पुरणाच्या धोंड्याचा वाटा घेऊन आली होती, हे सांगायला हवे. वाईट बाई नव्हती. पण तिच्या डोळ्यांतून काही सुटत नसे. अंगणात शिरताच तिने बोडकी झाडे पाहिली, मग हात धुवायला मागे गेली आणि खड्ड्यापाशी थांबली.

"काय गं बाई ह्ये?" ती तिथूनच ओरडली. "कळ्या हायत्या न्हवं ह्या?"

आई बाहेर आली. "पोरीनं शेंडं खुडल्यात. फुलं येळंवर यावी म्हनून."

"येळंवर? फुलांची येळ आता पोरी ठरवनार व्हय?" चुलतीने माझ्याकडे पाहिले. "कालिजात ह्येच शिकवत्यात का गं? पहिला तोडा देवाचा, आन तुमी घातला उकिरड्याला!"

"तोडा न्हवं त्यो. कळ्या हायत्या," आई म्हणाली.

"मला काय सांगती? देवाला सांग." पुरणाचा डबा मात्र तिने परत मागितला नाही, आणि निघताना म्हणाली, "माझ्या दारचा झेंडू बघाय ये एकदा. आत्ता कुटं पानं धरल्यात. तिथीनं लावल्याला हाय."

ती गेल्यावर आईने खड्ड्यात तीन पाट्या माती टाकली.

नंतरचे दिवस मी आजही नीट सलग सांगू शकत नाही. खुडल्यानंतर आठवड्याने प्रत्येक पानाच्या बेचक्यातून बारीक फुटवे आले आणि मला वाटले जिंकलो. मग पावसाने झड धरली. सूर्य आठ-दहा दिवस धड दिसला नाही. अंगणात पाणी साचून राहिले, म्हणून वडील पाळीवरून आल्यावर फावड्याने चर काढत बसायचे. काही झाडांची खालची पाने काळी पडली. मी ती तोडून लांब टाकायचे आणि राख आणून बुडाशी घालायचे. त्याच दिवसांत, गणपती विसर्जन होऊन गाव झोपले असता, पहाटे जमीन हलली. फळीवरची भांडी वाजली, आम्ही सगळे अंगणात उभे राहिलो. सकाळी रेडिओवर लातूरकडच्या बातम्या येऊ लागल्या आणि त्या दिवसभर थांबल्या नाहीत. कंपनीतल्या माणसांनी कपडे, भांडी, धान्य गोळा केले. आईने दोन लुगडी दिली. माणसांवर असे कोसळलेले असताना झेंडूची काळजी करायची मला लाज वाटायची. तरी सकाळी उठले की पाय पहिले तिकडेच जायचे. हे मी कुणाला बोलले नाही. आईचेही तसेच होत असावे, कारण रोज माझ्याआधी तिच्या पायांचे ठसे चिखलात उमटलेले असत.

घट बसले त्या दिवशी झाडांवर कळ्या होत्या, पण मिरीएवढ्या. दसऱ्याला नऊ दिवस उरले होते. आईने घटावर माळा बांधल्या त्या तेरड्याच्या, गोकर्णीच्या, कारळ्याच्या पिवळ्या फुलांच्या. झेंडूला हात लावला नाही. रोज माळ बांधून झाली की ती विचारायची, "तुझ्या पुस्तकात काय लिवलंय, कळीचं फूल व्हायला किती दिस लागत्यात?"

मी म्हणायचे, "ऊन पडलं तर व्हतंय."

सहाव्या माळेला ती मला म्हणाली, "तू मला समदं सांगितलं व्हतंस न्हवं?"

मी तेव्हा सांगून टाकले. पुढचे अर्धे वाक्य, उलटून गेलेले दिवस, सगळे. मला वाटले ती चिडेल. ती निरांजनाची वात पुढे सारत म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी खुडाय दिलं नसतं. आन न्हाय खुडलं असतं तर उष्टं झालं असतं. म्हंजी कसंबी गेलंच व्हतं." मग म्हणाली, "पर सांगायला पायजे व्हतं."

मी "व्हय" म्हणाले. तेवढेच.

खंडेनवमीला सकाळी मी झाडे तपासली. पूर्ण उमललेली एकोणीस. अर्धी उमललेली साधारण तेवढीच. बाकी सगळ्या गच्च मिटलेल्या, पिवळी रेघ दाखवणाऱ्या कळ्या. शेकड्याने. सात हातांच्या माळेला शंभराच्या आसपास फुले लागतात. मी कपडे बदलले, पुस्तके परत करायची आहेत असे सांगितले आणि बारामतीची एस.टी. पकडली.

मंडईबाहेर झेंडूचे ढीग लागले होते. पोत्यांवर, हातगाड्यांवर, नुसत्या रस्त्यावर. मी सबंध रांग फिरले आणि आमच्यासारखाच फिका पिवळा, मध्यम आकाराचा झेंडू शोधला. दोन किलो घेतला. पिशवीत खाली फुले, वर वह्या. परतीच्या एस.टी.त ती पिशवी मांडीवर घेऊन बसले तर शेजारची बाई म्हणाली, "दसऱ्याची फुलं व्हय? चांगला वास येतुया." मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

घरी आल्यावर आईने पिशवीकडे एकदाच पाहिले. वास लपत नव्हता. मी वह्या काढल्या आणि पिशवी तिच्यापुढे ओतली. त्यातले एक अंगणात नेऊन आमच्या झाडावरच्या फुलाशेजारी धरून तिला दाखवले. कुठले कुठले, हे खरोखर ओळखू येत नव्हते.

आई खाली बसली. तिने दोन्ही हातांत फुले घेतली आणि सोडली. मग हळू आवाजात विचारले, "बारामतीत कुनी बघितलं का तुला?"

"न्हाय."

"एस.टी.त आपल्यातलं कुनी?"

"न्हाय."

बाहेर वडील सायकल धुवत होते, पाण्याचा आवाज येत होता. मी तिच्याकडे पाहत होते आणि खरे सांगायचे तर तिने हो म्हणावे असेच मला वाटत होते. माझी चूक त्या दोन किलोंत बुडून जाणार होती. तिने एक फूल उचलले, त्याचा देठ पाहिला, परत ठेवले. मग ढीग दोन्ही हातांनी ओढून परातीत भरला आणि वडिलांना हाक मारली.

"ही घ्या. सायकलीला घाला, पान्यापकडीला घाला. ऱ्हायल्याली दाराला बांदा."

वडील परात बघून म्हणाले, "एवढी? सायकल दिसायची न्हाय माझी."

"न दिसू द्या." ते गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "माझ्या मनात आलं हुतं. ह्ये कुनाला बोलू नगंस."

दसऱ्याला उजाडताच आम्ही दोघींनी तोडा केला. उन्हाने रातोरात काही दया केली नव्हती. उमललेली आणि अर्धी उमललेली मिळून एकेचाळीस फुले निघाली. मिटलेल्या कळ्या मी तोडायला लागले तर आईने हात धरला. "बास. त्यांची येळ त्यांना बघू दी."

आमच्यात देवाची माळ लोकरीच्या दोऱ्यात ओवतात. आईने लोकर कातायच्या चातीवर काढून ठेवलेला काळा दोरा घेतला, कोपरापासून बोटापर्यंत असे सात वेळा मोजला आणि पहिले फूल ओवून त्याच्या मागे-पुढे गाठ मारली. मग तीन बोटे जागा सोडून दुसरे. मला वाटले ती चुकली. "आई, जवळ घे की. मग जेवढे हात व्हईल तेवढी."

"सात हात म्हंजी सात हात," ती म्हणाली आणि तिसऱ्या फुलाला गाठ मारली.

टेकाडावर भावकी जमली होती. ढोल वाजत होते, बायका एका बाजूला. आईने ताटातून माळ उचलली तेव्हा ती लांबलचक, काळी आणि मधे मधे पिवळी दिसली. कुजबुज मला स्पष्ट ऐकू आली. कुणीतरी म्हणाले, "दात पडल्यावानी दिसती की." दोघी हसल्या. थोरली चुलती हसली नाही. ती पुढे झाली.

"आबा, एक सांगते. मागनं बोलण्यापरीस तोंडावर बोललेलं बरं. ह्या झाडांच्या कळ्या खुडून हिनं उकिरड्यात टाकल्यात. मी डोळ्यांनी बघितलंय. ह्यो पहिला तोडा न्हवं."

ढोल थांबले. आबा काठी टेकून ओट्यावर बसले होते. त्यांनी आईकडे पाहिले. "खरं हाय?"

"खरं हाय," आई म्हणाली. "धोंड्याच्या महिन्याचं ध्येनात न ठेवता रोपं लावली. कळ्या आदी आल्या. म्हनून खुडल्या. आन तरीबी फुलं कमी पडली. दारची हायती. फूल म्हनून तोडल्याली हीच पहिली. काय ठरवायचं ते ठरवा."

माझे नाव तिने घेतले नाही. मी पुढे व्हायला हवे होते. मी झाले नाही.

आबांनी माळ मागून घेतली आणि बोटांनी लोकर चाचपली. फुलांकडे त्यांचे लक्ष नव्हते. "माझा बाप मेंढरं घिऊन कोकनाकडं जायचा," ते म्हणाले, "तवा दसरा जिथं गाठंल तिथं गाठायचा. कुठलं दार आन कुठला झेंडू! तरवडाची फुलं घ्यायची, लोकरीत बांदायची, आन बिरोबाच्या नावानं दगडाला घालायची. माळ अशीच दिसायची. लोकरच जास्त." ते थोडे हसले. "चालतंय. चढवा माळ."

चुलती मागे सरली. ढोलवाल्याने टिपरू उचलले. माळ वाचली, एवढेच मला तेव्हा कळले. पण आई जागची हलली नाही.

"आबा," ती म्हणाली, "तवा दार न्हवतं तरी माळ चालत हुती?"

"चालायची की."

"मग दोन खेपंला आमची पाळी का गाळली?"

ती मोठ्याने बोलली नव्हती. पण त्या टेकाडावर ते सगळ्यांना ऐकू गेले. वडिलांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. आबा काठीच्या मुठीवर हात फिरवत राहिले. मला वाटले ते रागावतील, बाईने असे विचारायची तिथे रीत नव्हती. ते रागावले नाहीत. ते म्हणाले, "तवा कुनी इचारलं न्हाय."

"आता इचारलंय," आई म्हणाली.

मग आईनेच त्यांच्या हातातून माळ घेतली आणि देवाला चढवली. सात हातांची होती, ठाण्याला वेढा घालून खालच्या पायरीपर्यंत आली. आई पाया पडली, नारळाचा तुकडा घेतला आणि सोने वाटायला न थांबता घराकडे चालू लागली. मी तिच्यामागे गेले. कालव्याच्या पुलावर मी तिला म्हटले, "चूक माझी हुती, तू माझं नाव का न्हाय घेतलंस?"

"नाव घिऊन काय फुलं वाढली असती?" ती म्हणाली. मग पुलावरून उतरताना, "मी इचाराय नगं हुतं का गं?"

"इचारायलाच पायजे हुतं," मी म्हणाले. त्या दिवसांत मी तिला सांगितलेल्या गोष्टींपैकी एवढी एक मी पहिल्याच वेळी पूर्ण सांगितली, असे मला वाटते.

नंतर आठ दिवसांनी, थंडीची पहिली चाहूल लागली तेव्हा, साठही झाडे एकदम फुलली. खुडल्यामुळे फांद्या दुप्पट झाल्या होत्या आणि प्रत्येक फांदीला फूल होते. अंगणात पाऊल टाकायला जागा राहिली नाही. थोरली चुलती आली, बराच वेळ नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "दिवाळीला मला देशील का गं थोडी?" आई म्हणाली, "घ्या की. पर कात्रीनं काढा, हिसकू नगा."

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आबा आले. एकटेच, काठी टेकत. पायरीवर बसले आणि झेंडूकडे पाहत मला म्हणाले, "आईला सांग. पुढल्या खेपंपास्नं क्वार्टरात ऱ्हानाऱ्यांचीबी पाळी धरायची, असं ठरलंय. कुंडीतली फुलं चालतील."

आई आतच होती, दाराच्या बाजूला. तिने ते ऐकले होते. तरी मी आत जाऊन शब्द न शब्द सांगितला. तिने मान हलवली. चुलीवर चहा ठेवला, आल्याचा तुकडा ठेचून टाकला, कप पुसला, बशी पुसली. चहा गाळून झाल्यावर तिने कप माझ्या हातात दिला.

"तू ने," ती म्हणाली.